पाडेगाव: जास्त पाण्यातून उभे राहिलेले केंद्र

आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घडते, पालखी पूल ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात येते. जिल्ह्याच्या वेशीवर तिचे स्वागत होते ते पाडेगावला. वारकऱ्यांच्या लेखी पाडेगाव एवढेच. इथून पुढे लोणंदचा मुक्काम. आम्हा उसवाल्यांच्या लेखी मात्र पाडेगाव म्हणजे रस्त्याकडेचे ते ऊस संशोधन केंद्र. पालखी जाते त्याच सुमारास आमच्याकडे आडसाली लागणीच्या सऱ्या पडलेल्या असतात आणि कुणी ना कुणी बेण्यासाठी पाडेगावला खेप करून आलेला असतो.

संपादकांनी केंद्राचा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा मी आधी वाणांची यादी करायला बसलो. अर्ध्यावर थांबलो. वाण कुणाला सांगायचे? 86032 आणि 265 हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. जी गोष्ट आपण विसरलो आहोत ती सांगावी असे ठरवले. हे केंद्र पाण्याच्या टंचाईतून निघालेले नाही. पाणी जास्त झाले म्हणून ते काढावे लागले.

1876-77 च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. त्यानंतर सरकारने दुष्काळनिवारणासाठी कालवे हाती घेतले, त्यांत नीरेचा डावा कालवा होता. 1885 साली त्याचे पाणी पुरंदर-बारामतीकडच्या रानांत आले. हेतू साधा होता: पाऊस हुकला तर ज्वारी-बाजरी वाचावी. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाटाकडे फिरकत नसे. पैसे देऊन पाणी कशाला घ्यायचे? कालवा भरून वाहायचा आणि पाणी खपायचे नाही. मग ते खपवणारे पीक पुढे आले, ते म्हणजे ऊस. सासवडच्या माळी मंडळींनी या कामात मोठी हिंमत दाखवली. घरदार हलवून ती कालव्याकालव्याने सरकत गेली, दुसऱ्याच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस लावला, गुऱ्हाळे चालवली. बागाईत कशी करायची हे या भागाने बरेचसे त्यांच्याकडून पाहून घेतले.

उसाला पाणी लागते हे खरे. पण पाणी दिसले की द्यायचे, ही सवयही तेव्हाचीच. वरच्या अंगाचा शेतकरी सारी तुडुंब भरायचा आणि शेपटाचा कोरडा राहायचा. विसाव्या शतकाच्या तोंडावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. त्यांनी या कालव्यासाठी गटवार पाणी देण्याची पद्धत सुचवली. जमिनीचे गट पाडायचे, गटाच्या तिसऱ्या हिश्शातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात हंगामी पिके, आणि उसाची जागा दरसाल फिरवायची. उद्देश दुहेरी होता. पाणी जास्त गावांना पुरावे आणि एकाच रानात सतत पाणी मुरू नये. कागदावर ही पद्धत ‘ब्लॉक’ म्हणून अनेक वर्षे राहिली, आणि आमच्याकडचे म्हातारे ‘बिलाक’ हा शब्द अलीकडेपर्यंत वापरत. तिसऱ्या हिश्शाचा नियम मात्र लवकरच ढिला पडला.

पाटाला पाणी आल्यावर वीसेक वर्षांतच रोग दिसू लागला. विहिरींचे पाणी वर आले याचा सुरुवातीला सगळ्यांना आनंदच झाला. पुढे सखल रानांत पहाटे पांढरी बुरशी आल्यासारखी दिसू लागली. आमच्या थोरल्या चुलत्यांच्या वाट्याला असाच एक तुकडा आला होता. लहानपणी मी त्यावरून अनवाणी चालायचो. वर पापुद्रा कडक, पाय टाकला की कुरकुर फुटायचा. खाली माती ओली, काळी, साबणासारखी बुळबुळीत. बोटाने पांढरे उचलून जिभेला लावले की खारट-कडू लागायचे. ज्वारी टाकली तर उगवायची ठिपक्याठिपक्यांनी. त्या तुकड्याला घरात नाव नव्हते, नुसते ‘खारीचे रान’. वाटणीत तो कुणालाच नको असायचा.

हे मीठ बाहेरून आलेले नव्हते. काळ्या मातीच्या पोटात ते पहिल्यापासून होते, पण पाणी खोल असेपर्यंत तेही खालीच राहिले. पाटाच्या पाण्याने भूजलाची पातळी वर आली, चिकण मातीतून ओल वर चढू लागली. ऊन पाणी उडवून नेई आणि क्षार मागे उरत. त्यांत सोडियम जास्त झाले की मातीचे कण सुटे होतात, भेगा-छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. हीच चोपण. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी 1910 साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिकाच काढली. म्हणजे कालवा पंचविशीत आला तोवर त्याने बिघडवलेल्या जमिनींचा अहवाल सरकारदरबारी होता.

1932 साली दोन गोष्टी एकदम घडल्या. साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला. बाहेरच्या साखरेवर जकात बसली आणि दख्खनच्या कालव्यांवर कारखान्यांची धुराडी उभी राहू लागली. माळीनगर, वालचंदनगर, साखरवाडी, श्रीपूर ही सगळी त्याच दशकातली. आणि त्याच साली मुंबई सरकारने, तेव्हाच्या इम्पिरिअल कृषी संशोधन परिषदेच्या पैशाच्या मदतीने, पाडेगावला ऊस संशोधन केंद्र काढले. एकीकडे ऊस वाढवण्याची घाई, दुसरीकडे ऊस ज्या मातीत वाढवायचा तिची चिंता. केंद्राच्या जन्मातली ही ओढाताण आजतागायत सुटलेली नाही.

पहिल्या पिढीचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याची आठवण सर्वांत कमी काढली जाते. एकाच पाटावर, एकाच वाणाला, सारखेच पाणी आणि सारखीच पेंड देऊन एका शेतात ऊस साठ टन आणि शेजारच्यात निम्मा, असे का होते? उत्तर शोधायला या मंडळींनी खड्डे खणले. नीरेच्या उजव्या कालव्याखाली आणि प्रवरेच्या कालव्यांखाली जागोजाग माणूसभर खोल खड्डा, त्यात उतरून मातीचे थर पाहायचे: रंग कुठे बदलतो, चुनखडी किती खाली, मुरूम कुठे लागतो, ओल कुठवर. जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी 1938 साली या पाहणीवरून कालव्याखालच्या जमिनींचे प्रकार पाडले. त्या काळी आपल्याकडे जमीन ओळखायची ती वरच्या रंगावरून: काळी, तांबडी, भुरकट. पाडेगावने शिकवले की जमीन खालून वाचायची असते. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या रानांत एकाच्या पोटात निचरा असतो आणि दुसऱ्याच्या पोटात दगडी चिकण. पहिल्याला दहा दिवसांनी पाणी दिले तर चालेल, दुसऱ्याला तसे दिले तर पाच-सात वर्षांत ते चोपण झालेच म्हणून समजा.

मग वाण. इथे मी भराभर जातो. जुना जाड, मऊ पुंड्या मागे पडला आणि कोइमतूरला पैदा झालेला को 419 चाळीशीच्या दशकात दख्खनभर पसरला. 1956 साली पाडेगावची निवड असलेला को 740 आला. त्याने पुढची दोन-तीन दशके महाराष्ट्राचे फड व्यापले. सहकारी कारखानदारीची वाढ झाली ती बरीचशी या एका उसावर. नंतर संपदा, कृष्णा. 1996 साली को 86032 प्रसारित झाला, त्याला नाव दिले ‘नीरा’. ज्या नदीच्या खोऱ्यातली माती बिघडली म्हणून केंद्र निघाले, तिचेच नाव केंद्राच्या सर्वांत यशस्वी उसाला आहे. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे. 2007 च्या सुमारास फुले 265 आला. हा खारवट-चोपण रानातही तग धरतो. साखर-उतारा कमी पडतो म्हणून काही कारखान्यांनी सुरुवातीला त्याची नोंद घ्यायला कुरकुर केली. शेतकऱ्यांनी लावला तो लावलाच. अलीकडचा फुले 10001 लवकर पक्व होणारा. नावांतल्या ‘को’चा अर्थ कोइमतूर आणि पुढे ‘एम’ लागला की महाराष्ट्र, एवढे नव्या वाचकांसाठी.

1968 मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि यथावकाश केंद्र त्याच्या छत्राखाली गेले. महात्मा फुले यांचे नाव विद्यापीठाला आहे म्हणून वाणांच्या आधी ‘फुले’ लागते. या बदलाने प्रशासनात पुष्कळ उलथापालथ झाली असेल. शेतकऱ्याला जाणवला तो एकच फरक: शिफारशींचे कागद मराठीत मिळू लागले.

त्या कागदांतला खतांचा भाग मला मुद्दाम उलगडून सांगायचा आहे. लागणीच्या हंगामानुसार हे प्रमाण बदलते: सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्र, पूर्वहंगामीला 340, आडसालीला 400, आणि स्फुरद-पालाश त्या-त्या प्रमाणात. हे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात. त्यांची वाटणी ठाऊक नसते. नत्राचा दहावा हिस्सा लागणीला, चाळीस टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, पुन्हा दहा टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेले चाळीस टक्के मोठ्या बांधणीला. स्फुरद आणि पालाश अर्धे लागणीला, अर्धे बांधणीला. त्यात तर्क आहे. लागणीनंतर टिपरी स्वतःच्या साठ्यावर जगते, मुळे फुटलेली नसतात. तेव्हा टाकलेला युरिया पाण्याबरोबर खाली जातो किंवा हवेत उडतो. फुटवे फुटताना आणि कांडी धरताना ऊस खरा भुकेला असतो. बांधणीनंतर मात्र युरिया थांबवायचा, नाहीतर पाला माजतो, ऊस लोळतो आणि साखर भरत नाही.

आता आकडेमोड करून पाहा. सुरूचे 250 किलो म्हणजे एकरी सुमारे 100 किलो नत्र. सगळे युरियातून दिले तरी 45 किलोची पाच पोती पुरतात, आणि त्यातही शेणखत, पेंड, मिश्रखतातून येणारे नत्र वजा करायचे राहिलेच. आमच्या शिवारात एकरी दहा पोती रिचवणारे मी पाहिले आहेत. मीही एका वर्षी आठ टाकली. शेजाऱ्याचा ऊस हिरवागार दिसत होता एवढेच कारण. माझा ऊस त्याच्याहून हिरवा झाला आणि ऑक्टोबरच्या वाऱ्यात आडवा पडला. तोडकऱ्यांनी वर जादा पैसे घेतले ते वेगळेच.

खोडव्याची, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची, शिफारस तर पाहायला जाण्यासारखी आहे. ऊस तुटला की पाचट पेटवायचे नाही. ते सरीत पसरून ठेवायचे आणि हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू त्यावर टाकायचे. बुडखे जमिनीलगत छाटायचे. मग खत फोकायचे नाही, पहारीने द्यायचे. बुडख्याजवळ, वीतभराहून थोडे कमी खोल भोक, दोन भोकांत फूटभर अंतर. पुढे एकजण पहार मारत जातो, मागची बाई कमरेच्या ओट्यातून मूठ सोडते आणि टाचेने भोक बुजवते. पहार, मूठ, टाच. पहार, मूठ, टाच. अर्धा हप्ता तुटल्यावर पंधरा दिवसांत, उरलेला अर्धा 135 दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूने. काम कंटाळवाणे आहे, मजुरी लागते, पण खत मुळाशी बसते आणि मातीआड राहते. वर पाचटाची गादी असल्याने ओल टिकते, तण उठत नाही आणि दोन पाण्यांतले अंतर वाढते. यंत्र नाही, अनुदान नाही, कंपनी नाही. माझ्या मते केंद्राने दिलेले हे सर्वांत स्वस्त तंत्र, आणि म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही. बेणे जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवून लावण्याची शिफारसही त्याच जातीची. ॲसिटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरले तर नत्र निम्म्याने आणि स्फुरद पाव हिश्शाने कमी करता येते, असे विद्यापीठ सांगते. आम्ही बेणे बुडवतो आणि खतही पूर्ण टाकतो. दोन्हींवर विश्वास, किंवा कशावरच नाही.

पाण्याचे काय? सुरू उसाला अडीचशे ते पावणेतीनशे हेक्टर-सेंटिमीटर पाणी धरतात, आडसालीला साडेतीनशेपर्यंत. शब्द जड वाटतात म्हणून लिटरात सांगतो: सुरूला एकरी एक कोटी लिटर, आडसालीला जवळजवळ दीड कोटी. ही गरज, मोकाट पाण्याचा हिशेब वेगळा. पाट बारीने येतो. पुढची बारी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून आलेल्या पाण्यात दोन बाऱ्यांचे भरून घ्यायचे. मोटारीची वीज रात्रीची, म्हणून दारे उघडी टाकून झोपायचे. आणि पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी एकरावर, मापावर नाही. निम्मे पाणी वापरणाऱ्याची पट्टी निम्मी होत नाही. या तीन कारणांपुढे संशोधकाचा कागद टिकणे कठीणच होते, आणि त्याबद्दल केंद्राला दोष देणे बरोबर नाही.

तरी प्रयत्न झाले. तीन फुटांच्या सरीऐवजी रुंद सरी आणि पट्टा पद्धत आली: दोन ओळी जवळ, मग मोठा मोकळा पट्टा. एक सरी सोडून पाणी देण्याचे प्रयोग झाले. ऐंशीच्या दशकात ठिबक आले तेव्हा ते द्राक्ष-डाळिंबाचे मानले जाई. उसात नळ्या अंथरणाऱ्याला लोक हसत. ठिबकाने निम्म्याच्या आसपास पाणी वाचते, हे पाडेगावसह राज्यातल्या अनेक ठिकाणच्या प्रयोगांनी दाखवले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खत पाण्याबरोबर, थोडे-थोडे, आठवड्याच्या हप्त्याने मुळाशी जाते. चार वेळा पोती ओतण्याचा प्रश्नच राहत नाही. 2017 मध्ये राज्य सरकारने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. सक्ती कागदावर राहिली. ज्यांनी ठिबक केले त्यांनी बहुतेक विहीर आटली म्हणून केले. आणि इथे एक कडू गोष्ट लिहिलीच पाहिजे: आमच्या गावात ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर पुढच्या तुकड्यात ऊसच लागला. पाणी वाचले, शिवारातला वापर मात्र कमी झाला नाही.

खारीच्या रानासाठीही केंद्राचे सांगणे सुरुवातीपासून तेच आहे. आधी निचरा. चर काढा किंवा सच्छिद्र पाइप जमिनीखाली घाला, पाण्याला बाहेर जायला वाट द्या. मग माती तपासून जिप्सम, मग ताग-धैंचा गाडा, आणि त्यानंतर उसाची गोष्ट बोला. नुसते जिप्सम पसरून काही होत नाही, कारण सुटलेला क्षार जाणार कुठे? निचरा एकट्याने होत नाही ही खरी अडचण. माझा चर शेजाऱ्याच्या बांधातून जाणार, त्याचा पुढच्याच्या. भावाभावांत पाणंदीवरून कोर्टात जाणारी गावे आपली. चुलत्यांच्या तुकड्यातली खार त्यांच्या हयातीत हटली नाही. खालच्या अंगाचे सहा खातेदार एकत्र आले आणि ओढ्यापर्यंत चर गेला, त्यानंतर तिसऱ्या वर्षी तिथे गहू झाला. आज तिथे 265 उभा आहे. मी मात्र त्याला अजून गव्हाचे रान म्हणतो.

पाडेगावच्या इमारती साध्या आहेत. पाहुणे आले की शास्त्रज्ञ त्यांना वाणांच्या वाफ्यांकडे नेतात; लोकांनाही तेच पाहायचे असते. उसाच्या जाडीला हात लावायचा, कांडी मोजायची, डोळा दाबून पाहायचा, फोटो काढायचे. नव्वद वर्षांहून अधिक काळ या केंद्राने आपल्याला दोन गोष्टी दिल्या: बेणे आणि बेताने द्यायचा सल्ला. बेणे आपण ट्रॉल्या भरून नेले.

सल्ल्याचे अजून बाकी आहे. आडसालीच्या सऱ्या पाडण्याआधी यंदा एवढे करा. बांधाकडची, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा सोडून रानात नागमोडी चाला, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल माती घ्या, सावलीत वाळवून मिसळा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून तपासायला द्या. सखल कोपऱ्याची पिशवी वेगळी करा. आणि निकालाचा कागद हातात येईपर्यंत युरियाची पोती आणू नका.